ऐतिहासिक वास्तूंचे दर्शन आणि दलित जाणीव

१

मराठीतला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार संपन्न आहे, असे आपण वर्गात शिकवतो. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून अनंत काणेकरांपर्यंत, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पासून गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणापर्यंत नावे सांगतो आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. दलित साहित्याच्या चळवळीने कथेला, कवितेला, कादंबरीला आणि नाटकाला प्रश्न विचारले. ललित निबंधाचा गोडवा कोणाच्या जिवावर उभा आहे, हेही दाखवून दिले. प्रवासवर्णन मात्र या झडतीतून सुटले. ते निरुपद्रवी वाटते, हे त्याचे कारण असावे. सुटी लागते, माणूस किल्ला पाहतो, जुना वाडा पाहतो, देऊळ पाहतो, परत येऊन चार पाने लिहितो. यात कोणाचे काय बिघडले?

मला वाटते, बरेच बिघडले आहे. जुनी वास्तू पाहणे ही कृती दिसते तितकी साधी नाही. तिच्यासाठी सुटी लागते आणि सुटीतही चूल पेटती राहील इतका पैसा लागतो. वाटेत टेकायला जागा, प्यायला पाणी आणि शिजवून घालणारे घर लागते. शेवटी वास्तूच्या दारातून आत जाण्याचा अधिकार लागतो. ज्याला हे सगळे जन्माबरोबर मिळाले त्याला ते दिसतच नाही. तो थेट कमानीच्या नक्षीपाशी पोचतो आणि तिथून त्याचे लेखन सुरू होते. वाटेवरचे सगळे गाळून टाकल्यावर जे उरते त्याला तो सौंदर्य म्हणतो.

म्हणून ऐतिहासिक वास्तूंविषयीच्या कोणत्याही लेखनाला तीन प्रश्न विचारावेत, असे माझे म्हणणे आहे. दार कोणासाठी उघडत होते? पाणी कोण भरू शकत होते? दगड कोणी वाहिला? हे प्रश्न ज्या लेखनाला सुचलेच नाहीत ते कितीही रसाळ असो, वास्तूचे ते अर्धेच वर्णन होय. हे तीन प्रश्न मी वरून आणलेले नाहीत. ते आपल्याच परंपरेतल्या एका प्रवासलेखनातून निघतात, आणि दुर्दैवाने ते लेखन प्रवासवर्णन म्हणून कोणी शिकवत नाही.

२

ते लेखन बाबासाहेबांचे आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे इंग्रजी टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपात काढले आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. आपण ते आत्मकथनाचा तुकडा म्हणून वाचतो, अन्यायाचा पुरावा म्हणून सभेत सांगतो. त्याचे नाव मात्र प्रवाशाच्या शब्दाने बनलेले आहे. व्हिसा म्हणजे परक्या मुलखात शिरण्याचा परवाना. ज्याला आपल्याच देशात हा परवाना लागतो, त्याचे हे प्रवासवर्णन आहे.

त्याची सुरुवातच सुटीने होते. साल १९०१. वडील सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल म्हणून कामाला. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतलेला. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे वडिलांनी कळवले. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून निघाली. आगगाडीचा तो पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली, आणि बैलगाडीवाले मागे सरले. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार. सोबत शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर आपण मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. दुष्काळी माणसांसाठी तलाव खोदला जात होता त्या कामावर हिशेब ठेवणाऱ्या माणसाची मुले रात्रभर तहानलेली आणि उपाशी राहिली. मराठी साहित्यात सुटीतल्या प्रवासाची वर्णने शेकड्यांनी आहेत. त्यांच्या पंक्तीला हे वर्णन बसवून पाहा, म्हणजे त्या पंक्तीची जात कळते.

दुसरा प्रवास १९३४ चा. या वेळी बाबासाहेब बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदांना जाऊन आलेले होते. चळवळीतल्या सहकाऱ्यांना त्यांच्याबरोबर स्थळे पाहायला जायची इच्छा झाली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचे ठरले. सुमारे तीस माणसे बस आणि मोटारी भाड्याने घेऊन नाशिकहून येवलामार्गे औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघाली. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. आडगावी अस्पृश्य प्रवाशाला ज्या अडचणी येतात त्या टाळायच्या होत्या. वाटेत दौलताबाद लागते. रामदेवराव यादवाची ही राजधानी आणि तिचा किल्ला प्रवाशाने चुकवू नये असा, अशा अर्थाचे वाक्य बाबासाहेब लिहितात. ते वाक्य कोणत्याही प्रवासमार्गदर्शकात शोभेल असे आहे. गावातली आपली माणसे चहा घेऊन वेशीवर उभी होती. त्यांचा चहा परतीवर ठेवून मंडळी किल्ल्याकडे गेली, कारण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून व्हायला हवा होता. इथपर्यंत हा कोणत्याही सुशिक्षित मध्यमवर्गीयाचा प्रवास आहे.

किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेले एक छोटे तळे होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्यात तोंड-पाय धुतले. मंडळी दारात पोचते न पोचते तोच मागून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला. ढेडांनी तळे बाटवले, असे तो म्हणत होता. रमजानचा महिना होता. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या, गावातल्या आपल्या माणसांनाही त्या ऐकाव्या लागल्या. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर या तळ्याचे पाणी पिण्यापासून त्याला अडवाल काय, असे बाबासाहेबांनी विचारल्यावर जमाव गप्प झाला. मग पहारेकऱ्यामार्फत नाव लिहून आत पाठवावे लागले. परवानगी आली ती अशी की, किल्ला पाहा, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला.

समीक्षकाने इथे थांबावे, कारण यापुढे बाबासाहेब किल्ल्याचे वर्णन करीत नाहीत. ज्यासाठी चहा नाकारून घाई केली त्या किल्ल्याच्या आत काय पाहिले, याविषयी एक ओळ नाही. खंदक, अंधारी वाट, तोफा, बालेकिल्ला यांतले काहीही नाही. बाबासाहेबांची इतिहासदृष्टी आणि व्यासंग ज्यांना माहीत आहे, ते याला रसिकतेचा अभाव म्हणणार नाहीत. शिपाई पाठीशी असताना वास्तू दिसत नाही, शिपाईच दिसतो. ही गाळलेली ओळ माझ्या मते मराठी माणसाने लिहिलेल्या प्रवासलेखनातली सर्वांत बोलकी जागा आहे.

तिच्या शेजारी गोडसे भटजींना ठेवून पाहू. वरसईचा हा गरीब, कर्जबाजारी ब्राह्मण बायजाबाई शिंदे यज्ञ करणार म्हणून दक्षिणेच्या आशेने चुलत्याबरोबर उत्तरेत गेला. १८५७ च्या धामधुमीत सापडला, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, वाटेत लुटला गेला. त्याच्या हालांना मी कमी लेखत नाही. त्याचे पुस्तक, १९०७ साली छापले गेलेले, मोलाचेच आहे. पण कफल्लक अवस्थेतही अनोळखी गावात त्याला दार उघडणारे घर मिळते, पंगत मिळते, राणीचा वाडा आतून पाहता येतो. परतताना तो आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून आणतो. एक प्रवासी नदीचे पाणी शेकडो कोस वाहून घरी नेऊ शकतो. दुसरा जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेऊनही दारातल्या तळ्याला हात लावू शकत नाही. दोघांच्या मध्ये पाऊणशे वर्षे गेली आहेत. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास या दोन पाण्यांमधून सांगितला पाहिजे.

३

हे जुने झाले, आज कोणीही तिकीट काढून देवगिरीवर जातो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि ते कोणाच्या उदारपणाने झालेले नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड काढून पाहा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची स्थळे एका पोटकलमात आहेत. विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते लगेच दुसऱ्यात आहेत. प्रवाशाला लागणारे सगळे या दोन पोटकलमांत आले. आपल्या मुलांना सहलीच्या आधी ही पाच ओळींची तरतूद वाचून दाखवावी. तिकिटामागचे तिकीट ते आहे.

पण दार उघडले म्हणून नजर उघडली असे होत नाही. दरवर्षी हिवाळ्यात आमच्या भागातल्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली निघतात आणि नंतर मुले सहलीचे वर्णन लिहितात. ती वर्णने मी वर्षानुवर्षे तपासतो आहे. लिहिणारा मुलगा कोलामाचा असो, गोंडाचा असो, बौद्धाचा असो की मांगाचा, वाक्य एकच असते. किल्ला ‘गतवैभवाची साक्ष देत दिमाखात उभा’ असतो. वाडा ‘प्रशस्त’ आणि ‘देखणा’ असतो. परिसर ‘निसर्गरम्य’ असतो. मी समासात लिहितो, ‘वैभव कोणाचे?’ मुलगा गोंधळतो, कारण हे वाक्य त्याचे नसतेच. ते पाठ्यपुस्तकाने, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीने आणि पर्यटनाच्या जाहिरातीने त्याच्या हातात दिलेले असते. ज्याच्या आज्याने वेठ केली त्याचा नातू वेठ घेणाऱ्याच्या वैभवाची साक्ष देऊ लागतो. सांस्कृतिक गुलामगिरी याहून वेगळी काय असते?

‘वाडा’ हा शब्दच घ्या. मराठीत शनिवारवाडा हाही वाडा आणि महारवाडा हाही वाडाच. पहिला १७३० ते १७३२ मध्ये बांधला गेला, १८२८ मध्ये जळाला, आणि आजही लोक त्याची जोती पाहायला सुटीत रांगा लावतात. दुसरा गावोगाव शतकानुशतके उभा होता. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तोवर तो सरकारी कागदावरही होता. नाव बदलले हे योग्यच झाले. पण एका भाषेने राजाच्या घराला आणि गावकुसाबाहेरच्या झोपड्यांना एकच शब्द दिला आणि त्यांतल्या एकालाच इतिहास मानला, ही गोष्ट आपल्या समीक्षेने नोंदवली पाहिजे.

पहिल्या वाड्याचे खरे वर्णन दुसऱ्या वाड्यातल्या माणसांनीच केले आहे. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात सरपणाच्या मोळ्या विकायला ब्राह्मणाच्या दारी गेलेल्या महार बाया आहेत. मोळीत एखादा केस, एखादे सूत राहिले तर घर बाटेल म्हणून काडी न् काडी तपासून द्यावी लागते. अंगणापलीकडे पाऊल नाही. त्या घराची लाकडी खांबांची चौकट, दिवाणखाना, माजघर या बायांनी कधी पाहिले नाही. त्या घराची चूल मात्र त्यांच्या मोळीवर पेटत होती. अशा जुन्या वाड्यांमध्ये आज पाहुण्यांची मुक्कामाची सोय होते, पितळी तांब्यात पाणी मिळते, ‘पूर्वीचे दिवस’ अनुभवायला मिळतात. पूर्वीचे दिवस पुरवायचे तर पुरे पुरवा. अंगणातली ती रेघही दाखवा. आपली दलित आत्मकथने ही या वाड्यांची बाहेरून काढलेली चित्रे आहेत. कोणत्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकाइतकीच ती वास्तूची कागदपत्रे आहेत.

४

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कोरपना, राजुरा, जिवतीचा हा पट्टा निजामाच्या राज्यात होता. ज्या सत्तेचा शिपाई दौलताबादेत बाबासाहेबांच्या मागे चालला, तिचाच अंमल १९३४ साली इथे होता. राज्यपुनर्रचनेनंतर हा भाग प्रथम नांदेडला आणि मग चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून देवगिरीची हकिकत आमच्यासाठी परमुलखातली नाही.

इथला सुटीतला पाहुणा ताडोब्यात वाघ पाहतो आणि वेळ उरला तर चंद्रपूरचा परकोट पाहतो. ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून पडले तो आदिवासींचा देव आहे, हे त्याला जिप्सीत बसल्यावर कोणी सांगितले तर सांगितले. परकोटाला चार दरवाजे आहेत, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. पाच खिडक्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचे नाव मसाण खिडकी. शहराने मेलेल्यांसाठी वेगळी वाट ठेवली होती. राजदरवाज्यावरच्या हत्ती-सिंहाचे छायाचित्र सगळे काढतात. मसाण खिडकीतून कोणाचे खांदे जात, सरण कोण रचत असे, मढ्यावरचे कापड कोणाच्या वाट्याला येत असे, हे विचारणारा वाटाड्या मला अजून भेटलेला नाही.

गोंड राजांचा राजवाडा पाहायचा म्हटला तर तुरुंगाच्या दारात जावे लागते. इंग्रजांनी राजवाड्याचा तुरुंग केला आणि आजही तिथे जिल्हा कारागृह आहे. याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना पिंपळाच्या झाडाला फाशी दिले गेले. याच आवारात एक दर्गा आहे आणि मोहरमात तो लोकांच्या दर्शनासाठी उघडतो. राजाचा वाडा, बंडखोराचा पिंपळ, सर्व जातिधर्मांच्या लोकांनी मानलेला पीर आणि आजचे कैदी, हे सगळे एकाच भिंतीत. महाराष्ट्रात याहून मोठी ऐतिहासिक वास्तू दाखवा. पण तिला ‘प्रेक्षणीय स्थळ’ म्हणणे अवघड जाते, कारण तिथे इतिहास संपलेला नाही आणि पाहणाऱ्याला संपलेला इतिहास हवा असतो. या राजघराण्याची जी हकिकत पुस्तिकांत छापली जाते तिचा बराचसा भाग मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९ च्या अहवालातून उतरत आलेला आहे, आणि तो अहवाल जमीनमहसुलाच्या आकारणीचा होता. राजांची वंशावळ सारा ठरवणाऱ्याने लिहिली. सारा भरणाऱ्यांची कोणी लिहिली नाही.

इथेच आपल्या कार्यकर्त्यांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पेशव्यांच्या वाड्याला आपण प्रश्न विचारतो आणि गोंड राजाच्या किल्ल्यापाशी आलो की आपलाही ऊर भरून येतो. इतिहासाने ज्यांना पुसले त्यांची राज्ये होती, राणी हिराईसारखी कर्तबगार बाई इथे राज्यकारभार करीत होती, हे अभिमानाने सांगितलेच पाहिजे. गडचांदूरजवळच्या डोंगरावरचा माणिकगड माना नागवंशी राजांनी बांधला आणि पुढे तो गोंडांकडे गेला, असे सांगितले जाते. माना आणि गोंड दोघेही आज अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. गडाखालच्या वस्त्यांत कोलाम राहतात. या माणसांना आपला गड परत मिळायला हवा, यात शंका नाही. पण राजा आपला झाला म्हणून दगड हलका होत नाही. त्या डोंगरावर तो चिरा ज्याने चढवला त्याला मजुरी मिळाली की मार, हा प्रश्न राजाच्या जातीने मिटत नाही. आपला राजा, आपला किल्ला, आपले वैभव असे म्हणत आपणही जर गतवैभवाची साक्ष देऊ लागलो, तर फक्त भाट बदलले, भाटगिरी तीच राहिली. फुले-आंबेडकरांची परंपरा राजाच्या बदल्यात राजा मागत नाही.

आणि दगड वाहणे संपलेले नाही. याच माणिकगडाचे नाव गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याला मिळाले. या टापूतला चुनखडीचा दगड दळून निघालेले सिमेंट नव्या काळातल्या वाड्यांत आणि सुटीतल्या हॉटेलांत जाते. शेकडो वर्षांनी कोणी ती हॉटेले ‘वारसा’ म्हणून पाहायला जाईल, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागेल.

वास्तूवर प्रेम करायचेच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. चंद्रपुरात २०१७ पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे तोडून, कचरा उपसून महिनोन्‌महिने सफाई केली. राजाच्या हुकुमाने वाहिलेला दगड आणि नागरिकाने स्वखुशीने घासलेला दगड एकच असतो, पण त्या दोन श्रमांत घटनेएवढे अंतर आहे. वास्तू लोकांची होते ती अशा श्रमाने. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी हे दोन्ही श्रम सांगावेत.

५

शेवटचा प्रश्न आपल्याच साहित्याला. दलित आत्मकथन जगाच्या साहित्यात गेले, मग दलित प्रवासवर्णन इतके तुरळक का? सुटी नावाची गोष्ट आपल्या घरात परवा-परवा आली, हे एक उत्तर आहे. आमच्या घरात पगारी सुटी घेणारा मी पहिला. माझ्या आधीच्यांचा प्रवास म्हणजे दुष्काळात जगायला जाणे, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाणे, कोर्टाची तारीख आणि दवाखाना. पण हे उत्तर पुरे नाही. आपण प्रवास केला आहे, फक्त त्याला प्रवासवर्णन म्हणायचे धाडस केलेले नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ पाहायला आपण जातो. त्या स्तंभावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतली कितीतरी ‘नाक’ने संपतात. राजाऐवजी शिपायाचे नाव सांगणारी वास्तू पाहायला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब गेले होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला धम्मदीक्षा झाली आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरात खेड्यापाड्यांतली माणसे मिळेल त्या वाहनाने तिथे येतात. भद्रावतीच्या विजासन लेण्यांत दिवा लावून येतात. पलीकडे केसलापूरच्या नागोबासाठी मेस्राम कुळातले गोंड गोदावरीचे पाणी पायी वाहून आणतात. या प्रवासांत मुक्काम आहे, शिदोरी आहे, रस्त्यातला अपमान आहे, रस्त्यातली माया आहे. प्रवासवर्णनाला आणखी काय लागते?

तेव्हा शिक्षकांनी सहलीच्या वर्णनात ‘दिमाखात उभा’ या शब्दांना गुण देणे बंद करावे आणि दार, पाणी, दगड यांविषयी एक परिच्छेद सक्तीचा करावा. विद्यार्थ्यांनी वाटाड्याला विचारावे, आणि वाटाड्याला ठाऊक नसेल तर गडाखालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या एका गढीची, एका वाड्याची, एका किल्ल्याची अशी नोंद लिहून काढावी. अभ्यास मंडळांवर जे आपले मित्र आहेत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली १९०१ आणि १९३४ ची प्रकरणे मराठीच्या अभ्यासक्रमात प्रवासवर्णन म्हणून लावावीत, आणि ती ‘माझा प्रवास’च्या शेजारी लावावीत.

दौलताबादेत हत्यारबंद शिपायामुळे जे लिहायचे राहून गेले ते आता लिहिता येईल. शिपाई गेला आहे. तळ्याला हात लावता येतो. आता किल्ल्यात शिरावे आणि आतले सगळे लिहावे, त्याच्या दारापासून.